काटे उदंड, फूल एकही नाही

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींनी शेजारच्या भिंतीवर किरमिजी रंगाने झाकलेली बोगनवेल पाहून तिची एक फांदी मागून आणली. फाटकापासून दारापर्यंत येणाऱ्या वाटेच्या कडेला, भिंतीलगत ती लावली. त्याला आता तीन वर्षं झाली. वेल जोमाने वाढली, भिंतीच्या वर गेली, पण आजवर एकही फूल नाही. त्या रोज पाणी घालतात, दर महिन्याला शेणखत आणि अधूनमधून युरिया देतात. वाटेवर सकाळी दहापर्यंत ऊन असतं, मग घराची सावली येते. काटे येणाऱ्या-जाणाऱ्यांना लागतात म्हणून दर पंधरवड्याला कात्री चालवावी लागते. मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या हातात काटा घुसून जखम चिघळली. ‘रस्त्याकडेचं झाड घरात कशाला आणलंस, उपटून टाक’ असं ते म्हणतात. शेजारी आपल्या वेलीकडे ढुंकूनही बघत नाहीत, तरी ती वर्षातून कितीदा तरी फुलते. ‘माझ्या हातालाच यश नाही का? की वेलच खोटी निघाली? ठेवू की उपटू?’ असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात: वेल शेजाऱ्यांच्याच फांदीची आहे. बी लावून केलेलं रोप आईबापांसारखंच निघेल याची खात्री नसते. फांदीपासून केलेलं रोप मात्र मूळ वेलीची हुबेहूब प्रत असतं. म्हणजे त्या भिंतीवर जी वेल फुलते आहे, तीच तुमच्याकडे आहे. खोट वेलीत नाही, एवढं इथेच मिटलं. वयाचाही प्रश्न नाही, कारण फुलणाऱ्या वेलीच्या फांदीपासून केलेली बोगनवेल फुलायला वर्षानुवर्षं थांबत नाही. राहिला तुमचा हात. बोगनवेलीची फांदी रुजवणं हे कसलेल्या माळ्यालाही दरवेळी साधत नाही, आणि तुम्हाला ते साधलं. तेव्हा हाताला दोष देऊ नका.

दोन घरांमधला फरक उरतो तो ऊन, पाणी, खत आणि कात्री या चार गोष्टींचा. आणि या चारही बाबतींत तुमच्या भिंतीलगत जे चाललंय ते शेजारच्या भिंतीच्या नेमकं उलट आहे.

आधी काट्यांबद्दल सांगू द्या, कारण घरातला वाद तिथून सुरू झाला आहे. बोगनवेलीचं पान फांदीला जिथे जुळतं, त्या बेचक्यात एक डोळा असतो. त्याचं पुढे काय होणार हे आधीपासून ठरलेलं नसतं. त्याचा काटा होऊ शकतो किंवा फुलांचा घोस होऊ शकतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काटा आणि फुलोरा ही एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. भरपूर ऊन असेल, रात्री लांबल्या असतील, फांदीची धावपळ थांबून ती जून होऊ लागली असेल, तर कौल फुलांच्या बाजूने जातो. सावली असेल, पाणी आणि नत्र मुबलक असेल, फांदी सारखी लांब पळत असेल, तर तिथे काटा येतो. म्हणून तुमची ‘फूल नाही’ ही तक्रार आणि तुमच्या सासऱ्यांची ‘काटे फार’ ही तक्रार मला वेगवेगळी वाटत नाही. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलता आहात. ती गोष्ट म्हणजे वेलीची जागा. बाकी सगळं तिच्या मागून आलं.

आता ऊन. बोगनवेलीला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. थेट म्हणजे पानांवर पडणारं. ‘जागा उजेडाची आहे’ एवढ्याने भागत नाही. सकाळी दहापर्यंतचं तुमचं ऊन फार तर तीन-साडेतीन तासांचं, आणि तेही कोवळं. एवढ्यावर वेल जगते, वाढते, हिरवीगार दिसते. म्हणून तर आपल्याला वाटतं की तिला काही कमी नाही. पण फुलायला लागणारी शिल्लक तिच्याकडे पडत नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं आहेत. शास्त्रात त्यांना छदं म्हणतात. तीन छदांचा एक झुबका आणि प्रत्येक छदाला चिकटलेली एक बारीक, पांढुरकी नळी. ती नळी म्हणजे खरं फूल. आपल्या बागेतल्या गुलबक्षीचं आणि बोगनवेलीचं कूळ एकच. छदांचा रंग बीटाच्या रंगाच्या जातकुळीतला, बीटालेन नावाच्या द्रव्यांचा असतो, आणि कमी उन्हात तो फिका पडतो. म्हणजे सावलीत चार घोस आले तरी शेजारच्या भिंतीसारखी झळाळी यायची नाही.

पाण्याबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावंसं वाटतं, कारण रोज पाणी घालण्यामागे तुमची माया आहे. पण ते पाणी वेलीला काय सांगतं याचा विचार करा. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या मुलखातून ही वेल आली, त्यातल्या पुष्कळ भागांत पावसाचे महिने आणि कोरडे महिने स्पष्ट वेगळे असतात. पावसात ती वाढते, कोरड पडली की फुलते. मुळाशी सतत ओल राहिली तर तिच्या दृष्टीने पाऊस संपतच नाही, आणि ती वाढतच राहते. शेजाऱ्यांनी दुर्लक्ष केलं असं आपण म्हणतो. पण त्या दुर्लक्षात वेलीला हवा तो कोरडा हंगाम आपोआप मिळाला. त्यांची भिंत उन्हात असणार, हेही मी जवळजवळ खात्रीने सांगू शकते.

जमिनीत तीन वर्षं मुरलेल्या बोगनवेलीला रोज पाण्याची गरज नसते. माती बोटभर खोल कोरडी लागेपर्यंत थांबा, मग एकदाच भरपूर द्या, आणि पुन्हा थांबा. रोज तांब्याभर पाणी ओतण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. कुंडीत असेल तर पानांचा ताठपणा किंचित गेला की पाणी द्यायचं, हा साधा इशारा पुरतो. पण हे ताणणं किती, यालाही मर्यादा आहे. पानं पूर्ण लोंबून वाळायला लागेपर्यंत थांबलात तर वेल पानं झटकून टाकते आणि सगळी शक्ती नवी पालवी काढण्यात घालवते. आणि एकदा का कळ्या दिसू लागल्या, की ताण बंद करून मोजकं, नियमित पाणी सुरू ठेवायचं. कळ्यांच्या वेळी एकदम कोरड किंवा एकदम चिखल झाला तर रंग चढण्याआधीच त्या गळतात. ‘पाणी तोडा, फुलं येतील’ असा अर्धाच सल्ला सगळीकडे मिळतो. हा उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

युरिया आजपासून बंद. युरिया म्हणजे निव्वळ नत्र, आणि नत्र म्हणजे पानं आणि लांब फांद्या. शेणखतही दर महिन्याला नको. जमिनीतल्या वेलीला वर्षातून एकदा, छाटणीनंतर, चांगलं कुजलेलं खत दिलं तरी चालतं. कुंडीतल्या वेलीला वाढीच्या दिवसांत सहा-आठ आठवड्यांनी थोडं खत लागतं, कारण तिथली माती लवकर रिती होते. ते खत नत्र कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं घ्या. माती चुनखडीची असेल तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती बहुधा लोहाची कमतरता असते. त्यावर आणखी शेणखत हा उपाय नाही, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं लागतं.

आणि कात्री. ऊन आणि पाणी यांच्याइतकंच फुलांचं नुकसान तुमच्याकडे कात्रीने केलं असावं असा माझा अंदाज आहे. बोगनवेलीचा बहर नव्या फुटव्यांवर येतो. फुटवा निघतो, लांबतो, थोडा जून होतो, आणि मग बेचक्यांमध्ये कळ्या धरतात. याला काही आठवडे लागतात. तुम्ही दर पंधरवड्याला शेंडे कापता, म्हणजे प्रत्येक फुटवा कळी धरायच्या आधीच जातो. वर प्रत्येक कापाखालून दोन-तीन नवे, लांब, काटेरी फुटवे निघतात आणि पुढच्या पंधरवड्याला तेही वाटेवर येतात. छाटणीने फुलं येतात हे खरं आहे, पण ती छाटणी एकदाच आणि सबंध करायची असते, आणि त्यानंतर हात आवरायचा असतो. वाटेच्या कडेला हात आवरता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरखडे बसणार म्हणून कात्री चालवावीच लागते. पुन्हा जागेपाशीच येतो आपण.

म्हणून तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. वर्दळीच्या वाटेला लागून, खांद्या-कोपराच्या उंचीवर बोगनवेल नसावी. ज्या घरात लहान मुलं धावतात किंवा वयस्क माणसं भिंतीचा आधार घेत चालतात तिथे तर नाहीच. त्यांनी तुमच्या आवडीवर बोट ठेवलं असं मनात धरू नका. त्यांच्या हाताला खरोखर लागलं आहे. जखम अजून सुजलेली किंवा ठणकत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. काट्याचं टोक आत मोडून राहण्याची शक्यता असते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हेही विचारलं जाईल. झाडाच्या सल्ल्याआधी हे व्हायला हवं.

‘रस्त्याकडेचं झाड’ हे मात्र मी मान्य करणार नाही. ती रस्त्याकडेला लावली जाते, कारण धूळ, धूर, कोरडी जमीन आणि कडक ऊन सोसूनही ती फुलते, आणि काट्यांमुळे गुरं तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. हा तिचा गुण आहे. लुई आंत्वान द बुगँव्हील यांच्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेत फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती 1767 साली रिओ द जानेरोला भेटली, आणि त्यांनी तिला आपल्या मोहिमेच्या प्रमुखाचं नाव दिलं. कॉमर्सनबरोबर झान बारे नावाची एक स्त्री पुरुषवेषात, त्यांचा मदतनीस म्हणून जहाजावर होती. जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली ज्ञात स्त्री. सासऱ्यांना हे चहाच्या वेळी सांगून पाहा. वाद संपणार नाही, पण वेलीकडे ते जरा वेगळ्या नजरेने बघतील.

आता तुमचा मूळ प्रश्न: ठेवू की उपटू? मला यात एक तिसरी वाट दिसते, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी वेलीच्या प्रती करून घ्या. आईवेल उपटण्या-हलवण्यापूर्वी तिची निदान चार-पाच रोपं तयार असू द्या, म्हणजे पुढे कोणताही निर्णय घेताना जीव घाबरा होणार नाही. पेन्सिलएवढ्या जाडीच्या, हिरवटपणा जाऊन तपकिरी झालेल्या फांद्या निवडा. वीतभर लांबीचे, प्रत्येकी तीन-चार डोळे असलेले तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, पानं काढून टाका, खालच्या टोकाला मुळं फुटण्याची पावडर लावा. वाळू किंवा कोकोपीटसारख्या मोकळ्या माध्यमात दोन डोळे आत जातील असं खोचा. सावलीत ठेवा, ओल राखा, चिखल करू नका. मुळं फुटायला दीड-दोन महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त. त्याआधीच वर दोन पानं फुटतात आणि आपण हुरळून काडी उपटून बघतो. ते करू नका. ती पानं काडीतल्या साठ्यावर फुटलेली असतात, आणि नुकतंच फुटलेलं मूळ या ओढाओढीत तुटतं. काही काड्या वाळतील, ते गृहीत धरून जास्त लावा. ज्यांना जास्त खात्री हवी त्यांनी एक-दोन फांद्यांवर गुटी बांधावी. बोटभर जाडीच्या फांदीवर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ किंवा कोकोपीट लपेटायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. मुळं बाहेरून दिसायला लागली की खालून कापायचं.

प्रती रुजत असताना दुसरं काम करा. वाटेवर उभं राहून नव्हे, वेलीच्या शेंड्यांकडे मान वर करून बघा. दुपारी बारा, दोन आणि चार वाजता, दोन-तीन दिवस. तुम्ही लिहिलंय की वेल भिंतीच्या वर गेली आहे. घराची सावली वाटेवर आणि खोडावर पडते, पण भिंतीच्या वर डोकं काढलेल्या फांद्यांनाही ती झाकते का? यावर सगळं ठरेल.

शेंड्यांना दुपारचं ऊन मिळत असेल, तर वेल आहे तिथेच ठेवता येईल, फक्त तिचं रूप बदलावं लागेल. जमिनीपासून डोक्याच्या वर हातभर उंचीपर्यंत एक किंवा दोन खोडं ठेवा आणि त्या उंचीपर्यंतच्या सगळ्या बाजूच्या फांद्या खोडालगत कापून टाका. खोडावर नवे फुटवे येत राहतील, ते कोवळे असतानाच खुडायचे, तेव्हा काटे कडक नसतात. वर भिंतीच्या माथ्यावर पक्की तार ओढून फांद्या आडव्या बांधा. बोगनवेलीला धरायला ताणे नसतात. जंगलात ती काट्यांचे आकडे दुसऱ्या झाडांत अडकवून उन्हाकडे चढते. भिंतीवर तो आधार आपणच द्यायचा. आडवी बांधलेली फांदी पुढे पळायची थांबते, तिच्या अंगावर ठिकठिकाणी छोटे फुटवे येतात, आणि फुलं त्याच फुटव्यांवर धरतात. बांधायला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या चालतात. बारीक तार सालीत रुतते. असं केल्यावर वाट मोकळी होते आणि पंधरवड्याच्या कात्रीतूनही सुटका होते.

शेंडेही सावलीतच असतील, तर मात्र त्या जागेवर फुलांची आशा धरू नका. पाणी तोडून, खत बदलून उन्हाची भरपाई होत नाही. मग वेल उपटून उन्हात हलवावी का? हलवता येते, पण बोगनवेलीची मुळं नाजूक असतात. मातीचा गोळा फुटला की बारीक मुळं तुटतात आणि मोठी वेलसुद्धा बसते. हलवायचीच असेल तर वेल विश्रांतीत असताना, नवी पालवी फुटायच्या आधी, फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवून, शक्य तितका मोठा गोळा घेऊन हलवा. जगली तर उत्तम. नाही जगली तरी तिच्या प्रती तुमच्याकडे आहेत. तुमच्या जागी मी असते तर हा खटाटोप केला नसता. रुजलेली रोपं गच्चीवर किंवा जिथे दिवसभर ऊन असेल तिथे कुंड्यांत वाढवली असती, त्यातल्या एकीवर पहिला बहर आला की वाटेवरची वेल काढून टाकली असती, आणि त्या अर्ध्या सावलीत तीच परिस्थिती मानवणारं, बिनकाट्याचं काहीतरी लावलं असतं. झाड उपटणं म्हणजे हरणं असं तुमच्या पत्राच्या सुरातून वाटतं. तीच वेल दुसऱ्या कुंडीत फुलणार असेल तर त्यात हरण्यासारखं काही नाही.

कुंडी निवडताना मोठी घेऊ नका. मुळं थोडी दाटीत असली की बोगनवेल जास्त फुलते. छोट्या रोपाला मोठी कुंडी दिली तर मुळं ती भरेपर्यंत फक्त पानं बघत बसावं लागतं. कुंडी बदलायची वेळ आली की दोन इंचांनी मोठी, एवढंच, आणि जुना गोळा न फोडता. मातीत जाड वाळू मिसळा, तळाचं भोक मोकळं ठेवा, खाली पाणी साठणारी थाळी ठेवू नका. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, त्याखालून फुटलेल्या फांद्या वीतभर झाल्या की त्यांचेही. वेल दाट होते आणि फुलायला जागा वाढतात. त्यानंतर मात्र खुडणं थांबवायचं.

बहर संपला की दरवेळी फुललेल्या फांद्या एक तृतीयांश कापायच्या. मधूनच एखादी फांदी सरळ वर, दांडक्यासारखी जाड, लांब अंतरावर पानं असलेली निघते. तो पानसोट. त्यावर फूल क्वचितच येतं आणि सगळा रस तो ओढतो. तो दिसताच मुळाशी कापा, बहराची वाट बघू नका. छाटणीनंतर ऊन आणि उबदार हवा मिळाली तर साधारण दीड-दोन महिन्यांत पुन्हा रंग दिसतो. पाणी गोठेल अशी थंडी पडत असेल तर कुंडी आत घ्यावी लागते, आणि जमिनीतली वेल वरून जळल्यासारखी दिसली तरी नवी पालवी फुटायच्या वेळेपर्यंत तिला मेली म्हणू नये.

बोगनवेलीबद्दल आणखी काही पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. रोपवाटिकेतून गच्च फुललेली कुंडी आणली आणि आठवड्याभरात पानं-फुलं सगळी गळाली, असं अनेकांचं होतं. जागा बदलल्याचा तो धक्का आहे. अशा वेळी घाबरून कुंडी बदलणं, खत घालणं, रोज जागा हलवणं हे सगळं टाळा. उन्हात एका जागी ठेवा, पाणी बेताने द्या, पालवी फुटेल. दुहेरी, गुच्छासारख्या छदांची ‘महारा’सारखी वाणं बघताना मोहात पाडतात, पण त्यांची सुकलेली छदं आपोआप गळत नाहीत, तपकिरी होऊन वेलीवरच बसतात, आणि हाताने कापावी लागतात. वेळ असेल तरच घ्या. एकाच वेलीवर पांढरी आणि गुलाबी छदं देणारी ‘मेरी पामर’ ज्यांच्याकडे आहे त्यांनी एखादी फांदी सलग एकाच रंगाची निघाली तर ती कापावी, नाहीतर हळूहळू सगळी वेल एकरंगी होते. पांढरट पट्ट्यांच्या पानांच्या वाणांवर पूर्ण हिरवी फांदी आली तर तिचंही तेच करावं, कारण ती जास्त जोमाने वाढते. वाटेजवळ किंवा छोट्या गॅलरीत लावायचीच असेल तर ‘टॉर्च ग्लो’ हे वाण बघा. ते सरळ उभं वाढतं, छदं फांदीच्या टोकांना दाटतात आणि काटे जवळजवळ नसतात. ताई, सासऱ्यांच्या दृष्टीने तुम्हालाही हे सोयीचं पडेल.

कीड फार नाही. पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या आणि दिवसा काहीच सापडलं नाही तर रात्री टॉर्च घेऊन बघा. हिरवी-तपकिरी, काडीसारखी दिसणारी अळी असते. हाताने वेचली तरी पुरे. बेचक्यांत कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा आणि मग निंबोळी तेल.

काम करताना जाड चामडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वेलीच्या रसाने आणि काट्यांच्या ओरखड्याने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं. कापलेल्या फांद्या वाटेवर एक तासही पडू देऊ नका. वाळलेला काटा हिरव्याहून वाईट लागतो आणि चपलेचा तळ भेदून जातो. सगळ्या गोळा करून लहान तुकडे करा आणि पायाखाली येणार नाहीत अशा जागी टाका.

या आठवड्यात एवढंच करा: रोजचं पाणी थांबवा, युरिया बाजूला ठेवा, आणि वाटेकडच्या, अंगाला लागणाऱ्या फांद्या एकदाच मागे कापून घ्या. कापलेल्या फांद्यांतूनच कलमांच्या काड्या निवडा. शेंड्यांवरच्या उन्हाच्या वेळा लिहून ठेवा आणि मला कळवा. सासऱ्यांना सांगा की वाट या आठवड्यात मोकळी होईल, आणि वेलीचा निर्णय काड्या रुजल्यावर दोघं मिळून घ्याल.